संच आला, दुरुस्ती कुणाकडे?

जिल्हा परिषदेच्या शाळेत प्रोजेक्टर, टॅब, सौर पॅनेल येतात ते सरकारी खरेदीतून, आमदार निधीतून किंवा लोकवर्गणीतून. वस्तू विकत घेण्याऐवजी ती चालू ठेवण्याची सेवाच घ्यावी आणि जितके दिवस चालली तितक्यांचेच पैसे द्यावेत, असा एक विचार आहे.

उद्योगांत हा व्यवहार जुनाच. १९५९ साली आलेले झेरॉक्सचे ९१४ यंत्र कार्यालये महिन्याच्या भाड्याने घेत, ठरावीक प्रतींनंतर प्रतीमागे पैसे मोजत. १९६२मध्ये ब्रिस्टल सिडली या ब्रिटिश कंपनीने विमानाच्या इंजिनांची देखभाल उड्डाणाच्या तासांवर आकारायला सुरुवात केली. यंत्र बंद पडले की झळ कंपनीलाच.

आपल्याकडे मात्र वस्तू दिली की काम संपले, असेच चालत आले. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर १९८७मध्ये खडू-फळा योजना आली. किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि साहित्य: नकाशे, पृथ्वीगोल, विज्ञानपेटी, ढोलकीसुद्धा. हेतू चांगलाच होता. पण प्रत्येक वस्तू जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या यादीत, चढली. फुटली, हरवली तर जाब मुख्याध्यापकांना, आणि निर्लेखनाची, म्हणजे निकामी वस्तू नोंदीतून काढण्याची, कटकट वेगळी. मग अनेक ठिकाणी साहित्य कपाटात कुलूपबंद राहिले. यात गुरुजींना दोष देणे मला अन्यायाचे वाटते. वापरणाऱ्यालाच भुर्दंड बसेल अशी ती रचना होती.

सर्व शिक्षा अभियानात देखभाल-दुरुस्तीचे वेगळे अनुदान होते. २०१८मध्ये त्याच्या जागी आलेल्या समग्र शिक्षा योजनेत ते संयुक्त शाळा अनुदानात मिसळले, तेही पटावर ठरणारे. वाडीवरच्या कमी पटाच्या शाळेला त्यातूनच वीजबिल, खडू आणि दुरुस्ती भागवावी लागते.

२००७मध्ये ‘मुलामागे एक लॅपटॉप’ हा जागतिक प्रकल्प कर्जत तालुक्यातल्या खैराटच्या शाळेत पोहोचला. तोच लॅपटॉप पेरू आणि उरुग्वेनेही घेतला. पेरूमध्ये भर वाटपावर होता; ३१९ ग्रामीण शाळांच्या पाहणीत गणित-भाषेत सुधारणा दिसली नाही. उरुग्वेने २००९पर्यंत सरकारी प्राथमिक शाळांतल्या सगळ्या मुलांना लॅपटॉप दिले, पण त्यासाठी सेइबाल ही कायमची यंत्रणाही उभी केली. शाळांना इंटरनेट जोडणे तिच्याकडे, बिघाड वाढले तेव्हा दुरुस्तीच्या फिरत्या गाड्याही तिच्याच. २०१२पासून तिने पडद्यावरून इंग्रजीचे दूरस्थ शिक्षक दिले. वर्गशिक्षक वर्गातच असतात. या शिक्षणसेवेचे महत्त्व मला लॅपटॉपपेक्षा जास्त वाटते.

महाराष्ट्रात सेवेच्या जवळ जाणारा प्रयोग झाला तो माध्यमिक शाळांत. केंद्राच्या आयसीटी (माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान) योजनेतल्या संगणक प्रयोगशाळा कंपन्यांनी उभारायच्या, शिक्षक नेमायचा, पाच वर्षे चालवायच्या आणि मग शाळेकडे सोपवायच्या, असा करार होता. मुदत संपली तेव्हा संगणक शाळेत राहिले. ते शिकवणारे शिक्षक कामावरून गेले आणि पुन्हा घ्या म्हणून आंदोलनाला बसले.