समभाव गल्लीचा, निरपेक्षता टेबलाची

भाचा स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. परवा निबंधाचा कागद पुढ्यात टाकून म्हणाला, "मामा, एवढं बघा की जरा." पहिलंच वाक्य होतं: 'धर्मनिरपेक्षता म्हणजे सर्वधर्मसमभाव.' खाली उदाहरण म्हणून आमच्या पेठेतली तालीम. मी वाक्याखाली लाल रेघ मारली, तर गडी तापला. "काय चुकलं ह्यात? दोन्ही एकच की ओ!"

एकच नाहीत. पण चूक त्याच्या एकट्याची नाही. कोल्हापुरात वाढलेल्या माणसाची ही गफलत व्हायचीच, कारण यातली एक गोष्ट आपण लहानपणापासून इतक्या जवळून बघतो की दुसरी वेगळी असेल असं वाटतच नाही.

२०१८, २०१९ आणि २०२० अशी ओळीनं तीन वर्षं गणपती आणि मोहरम एकाच वेळी आले. कोल्हापूरच्या कितीतरी तालमींत, म्हणजे पेठेतल्या आखाडा-मंडळांत, एका मांडवात मूर्ती आणि शेजारी मोहरमचा पंजा. इकडं आरतीचं ताट, तिकडं उदाचा धूर. पोरांना मोदकही मिळाले आणि मोहरमचे गोड चोंगेही. नवसापोटी मोहरमात फकीर होणारी हिंदू घरं आजही आहेत, आणि अवचित पीर तालमीचं नाव घेताना ते नाव कुठल्या धर्माचं, हे कुणाच्या मनातही येत नाही. तिकडं कुरुंदवाडला मशिदीत गणपती बसतो. ह्याला म्हणायचं समभाव. तो खरा आहे, देखावा नाही. कुठल्या सरकारी परिपत्रकानं तो आलेला नाही आणि परिपत्रकानं येणारही नाही.

निरपेक्षता हे वेगळंच काम आहे. ते माणसांच्या मनाचं नाही, राज्याच्या हाताचं आहे. टेबलाच्या अलीकडं उभ्या माणसाचा देव कोणता, किंवा त्याला देव आहे की नाही, यावर टेबलापलीकडच्या माणसानं काही ठरवायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्यात प्रेम अभिप्रेत नाही. कारकुनाला माझा धर्म मनातून आवडत नसला तरी चालेल, माझा दाखला वेळेत निघाला पाहिजे.

एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी एका सरकारी कार्यालयात गेलो होतो. कामाचा दिवस, सकाळचे साडेअकरा. आत सत्यनारायण. टेबलं भिंतीला सरकवलेली, केळीचे खुंट बांधलेले, "साहेब पूजेला बसलेत" म्हणून आम्ही पंधरावीस जण व्हरांड्यात. दीड वाजता शिपाई शिऱ्याचं पातेलं घेऊन बाहेर आला. रांगेत माझ्यापुढं एक मुस्लिम चाचा होते. शिपायानं आधी त्यांच्या हातावर द्रोण ठेवला, "घ्या चाचा, गरम हाय." चाचांनी आनंदानं खाल्ला. सगळ्यांना बरं वाटलं, मलाही. काम मात्र तीन वाजता झालं.

शिरा सगळ्यांना मिळाला का, हा समभावाचा प्रश्न. त्याचं उत्तर उत्तम होतं. कचेरीच्या वेळात पूजा का आणि वर्गणी कुणी कुणाकडून काढली, हा निरपेक्षतेचा प्रश्न. तो त्या व्हरांड्यात कुणी विचारला नाही. मीही नाही, तोंडात शिरा होता. आणि पुढच्या महिन्यात त्याच हॉलमध्ये ईदचा शिरखुर्मा वाटला असता तर समभाव दुप्पट झाला असता, निरपेक्षता तिथंच राहिली असती. रांगेत कुठलाच देव न मानणारा एखादा असेल, तर त्याचे मात्र दोन दिवस गेले असते.

समभावाला दोन्ही बाजूंना धर्म लागतो. ज्याला धर्मच नाही, किंवा ज्याचा पंथ इतका लहान की गावात त्याची दोनच घरं, त्याला समभावाच्या मांडवात पाट मिळेलच असं नाही. संविधानाच्या २५व्या कलमात धर्माच्याही आधी सद्सद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्याचा शब्द आहे, तो याचसाठी मोलाचा. २७वं कलम सांगतं की एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कुणाकडून कर घेता येणार नाही. २८वं सांगतं की पूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण नाही. ही कलमं १९५० पासूनची. 'धर्मनिरपेक्ष' हा शब्द उद्देशिकेत आला तो १९७६ च्या ४२व्या दुरुस्तीनं, आणि गंमत अशी की मराठी पाठात 'धर्मनिरपेक्ष' असताना हिंदीत 'पंथनिरपेक्ष' आहे. 'निधर्मी' मात्र दोन्हीकडं नाही. तो शब्द आपण वादात चिडवायला वापरतो.

आता शाहू महाराज. भाच्यानं दुसऱ्याच ओळीत त्यांचं नाव घातलं होतं, आणि तिथं खरी गुंतागुंत आहे.

महाराज श्रद्धावान होते. १८९९ साली पंचगंगेवर स्नानाच्या वेळी आपल्यासाठी वेदांतले नव्हे तर पुराणोक्त, म्हणजे शूद्रांसाठीचे मानलेले, मंत्र म्हटले जातात हे कळल्यावर वेदोक्ताचं प्रकरण पेटलं. राजोपाध्यांनी वेदोक्त विधी करायला नकार दिला आणि १९०२ मध्ये त्यांचं इनाम जप्त झालं. पुढं १९२० साली महाराजांनी पाटगावच्या मौनी महाराजांच्या मठात क्षात्रजगद्गुरू, म्हणजे मराठ्यांसाठी स्वतंत्र धर्मगुरू, नेमले. राजानं धर्मगुरू नेमणं ह्याला कुठल्याच व्याख्येनं निरपेक्षता म्हणता येणार नाही. तो एका धर्माच्या आत शिरून केलेला न्याय होता. गरज होती म्हणून केला, पण केला राजसत्तेच्या हातानं. वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी बोर्डिंगं काढली, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंगही, तो समभाव. ज्याला त्याला आपापलं छप्पर, आणि राजाचा हात सगळ्यांच्या डोक्यावर.

पण १९१९ चे हुकूम काढून बघा. अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद, मुलं सगळ्यांबरोबर एकाच शाळेत. सरकारी दवाखान्यात, सार्वजनिक जागी शिवाशिव पाळायची नाही. इथं भाषा बदलते. तुमच्या मनात काय आहे ते तुमच्यापाशी, दवाखान्याच्या दारात ते चालणार नाही, असा तो सूर. टेबलाची निरपेक्षता म्हणतात ती ही. एकाच माणसानं दोन्ही केलं म्हणून दोन्ही एक होत नाहीत.

आपल्याकडची निरपेक्षता फ्रान्ससारखी नाही, हेही कबूल केलं पाहिजे. तिथं १९०५ च्या कायद्यानं राज्य आणि चर्च वेगळं केलं, २००४ मध्ये सरकारी शाळांतून ठळक धर्मचिन्हंही गेली. इंग्लंड दुसऱ्या टोकाला: तिथं राजा चर्चचा प्रमुख, आणि लॉर्ड्सच्या सभागृहात २६ बिशपांना जागा. पण म्हणून तिथल्या रोजच्या कारभारात नागरिकाला धर्म विचारला जातो असं नाही. आपण भिंत बांधली नाही, हिशेब ठेवला. २५व्या कलमानंच राज्याला धर्माच्या आर्थिक व्यवहारात लक्ष घालायची मुभा दिली. अंबाबाई, जोतिबा आणि आणखी मिळून तीन हजारांवर देवळं पश्चिम महाराष्ट्र देवस्थान समिती बघते. २०१८ मध्ये अंबाबाईच्या पूजाऱ्यांच्या प्रश्नावर विधिमंडळानं स्वतंत्र कायदा केला. गाभाऱ्यातल्या दक्षिणेवर कायदा करणारं राज्य निरपेक्ष कसं, असं कुणी विचारलं तर प्रश्न रास्त आहे. माझं मत असं की हिशेब तपासणं वेगळं आणि मंत्र ठरवणं वेगळं. पण मधली रेघ बारीक आहे, आणि ती सरकणार नाही याची हमी कुणी देऊ नये.

समभावावर विसंबून का भागत नाही, ते ७ जून २०२३ ला कळलं. मोबाईलवरच्या वादग्रस्त स्टेटसवरून कोल्हापूर बंद, शिवाजी चौकात गर्दी, दगडफेक, लाठीमार, मग इंटरनेट बंद. पंजाच्या भेटी बघायला गर्दी करणारं तेच हे गाव. समभाव कुठं पळून गेला नव्हता, पण तो मनाच्या हवेवर चालतो आणि त्या दिवशी हवा वाईट होती. अशा दिवशी बंद दुकानाच्या मालकाला शेजाऱ्याच्या मोठ्या मनाची आस असते, पण तो आधी बघतो ते चौकातल्या पोलिसाकडं: हा माझं नाव बघून काठी उचलतोय की हातातला दगड बघून?

भाच्यानं वाक्य खोडलं. "मग तालमीचं उदाहरण काढून टाकू?"

"काढू नको. वेगळा परिच्छेद कर."

त्यानं लिहायला घेतलं आणि मधेच थांबला. "मामा, नवरात्रात अंबाबाईच्या पालखीला पोलीस मानवंदना देतात, ती कुठल्या परिच्छेदात घालू?"

मी म्हटलं, चहा टाकतो, तोवर पुढचं लिही.