फायरप्लेसची लाकडी चौकट

फायरप्लेसची लाकडी चौकट : घर उबदार ठेवण्यासाठी भिंतीत बांधलेल्या फायरप्लेसच्या तोंडाभोवती बसवलेले शोभेचे लाकडी काम. दोन बाजूंना दोन उभे खांब, त्यांवर एक आडवा पट्टा आणि सर्वांत वर पुढे आलेली फळी, असे तिचे रूढ रूप आहे. या फळीला मँटल म्हणतात; अमेरिकेत अख्ख्या चौकटीलाही तेच नाव चालते. मखराला जशी महिरप, तशी फायरप्लेसला ही चौकट. ती भिंतीचा भार पेलत नाही आणि धूरही वाहून नेत नाही. ती कामे मागच्या विटा आणि धुराडे करतात. म्हणूनच ब्रिटन व उत्तर अमेरिकेत हौशी सुतार ती घरच्या घरी करतात. मात्र शोभेची असली तरी तिची मापे मनाला येतील तशी घेता येत नाहीत. जाळापासूनचे अंतर आधी ठरते आणि नक्षी त्या अंतराच्या हिशेबात बसवावी लागते.

मध्ययुगीन इंग्लंडच्या मोठ्या दालनांत जाळ मधोमध पेटे आणि धूर छपरातून वाट काढी. पुढे जाळ भिंतीला लागला आणि सोळाव्या शतकात विटांची धुराडी साध्या घरांवरही दिसू लागली. सतराव्या शतकात इनिगो जोन्स या वास्तुकाराने इटलीतली अभिजात शैली इंग्लंडात आणली. तेव्हापासून खांब, तुळई आणि वर कंगणी ही ग्रीक-रोमन देवळांची मांडणी लहान होऊन फायरप्लेसभोवती आली. आज बाजारात मिळणाऱ्या साध्यात साध्या चौकटीतही हीच मांडणी ओळखू येते.

अठराव्या शतकात श्रीमंतांच्या दिवाणखान्यात संगमरवर असे; इतर खोल्यांत आणि मध्यम घरांत पाइनसारखे मऊ लाकूड वापरून ते रंगवत. रॉबर्ट ॲडम (१७२८–१७९२) यांच्या शैलीतल्या चौकटींवरचे नाजूक हार, कलश आणि पानवेली बऱ्याचदा कोरलेल्या नसत. खडूची भुकटी, सरस, राळ आणि जवसाचे तेल यांचा लगदा गरम असतानाच कोरीव साच्यात दाबायचा, निघालेली नक्षी वाफेवर मऊ करायची आणि लाकडावर चिकटवायची, अशी ती रीत होती. थंड झाल्यावर हा लगदा दगडासारखा कडक होतो आणि रंग चढला की कोरीव कामापासून वेगळा ओळखता येत नाही. एका साच्यातून हव्या तितक्या प्रती निघत असल्यामुळे ही नक्षी मध्यमवर्गाच्या घरात पोहोचली. अमेरिकेत मात्र मॅसॅच्युसेट्समधील सेलमच्या सॅम्युअल मॅकिन्टायर (१७५७–१८११) यांनी फळांच्या परड्या आणि गव्हाच्या पेंढ्या लाकडातच कोरल्या. त्यांचे काम पाहिले की हाताच्या पटाशीला पर्याय नाही, हे पटते.

याच काळात काउंट रमफर्ड या शास्त्रज्ञाने फायरप्लेसची पोकळी उथळ केली, बाजूच्या भिंती तिरप्या केल्या आणि धुराड्याचा घसा अरुंद केला. त्यामुळे धूर कमी झाला आणि खोलीत उष्णता जास्त येऊ लागली. जुन्या फायरप्लेसची तोंडे या सुधारणेसाठी लहान करताना तोंड आणि लाकूड यांच्यामध्ये दगड-विटांचा भराव येई. आजही लाकूड थेट तोंडाच्या कडेला भिडवत नाहीत. मध्ये दगड, वीट किंवा टाइल यांचा पट्टा ठेवतात.

हा पट्टा किती रुंद हवा, हा या कामातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. अमेरिकेतील निवासी बांधकामाच्या नमुना संहितेनुसार विटांच्या फायरप्लेसच्या तोंडापासून ६ इंचांच्या आत कोणतीही ज्वलनशील वस्तू नको. ६ ते १२ इंचांच्या पट्ट्यात लाकूड चालते, पण तोंडापासूनच्या प्रत्येक इंचामागे ते फक्त एक अष्टमांश इंच पुढे आलेले चालते. म्हणजे ६ इंचांवर पाऊण इंच, ८ इंचांवर एक, १० इंचांवर सव्वा आणि १२ इंचांवर दीड इंच. अमेरिकेत ‘एक इंची’ म्हणून विकली जाणारी फळी रंधून प्रत्यक्षात पाऊण इंचच भरते, त्यामुळे ६ इंचांच्या रेषेवर अशी एकच सपाट फळी बरोबर बसते. तिच्यावर अर्ध्या इंचाचा दुसरा थर द्यायचा तर तो १० इंचांपासून पुढे सुरू करायचा. जाड खांब आणि पुढे आलेली मँटलची फळी १२ इंचांपलीकडे. समजा, तोंड ३६ इंच रुंद आणि ३० इंच उंच आहे. तर दोन जाड खांबांच्या आतल्या कडांत किमान ६० इंच अंतर पडते आणि मँटल जमिनीपासून ४२ इंचांच्या वर जाते. हे आकडे कागदावर मांडले की चौकटीचा निम्मा आराखडा आपोआप तयार होतो. गॅसवर चालणाऱ्या किंवा कारखान्यात बनलेल्या फायरप्लेसना हा नियम लागू नाही. तिथे उत्पादकाच्या पुस्तिकेतली अंतरेच पाळायची. स्थानिक नियम याहून कडक असू शकतात, तेही आधी पाहायचे.

लाकडाला ज्वाळा लागावीच लागते असे नाही. वर्षानुवर्षे तापत राहिलेले लाकूड हळूहळू करपत जाते आणि ताज्या लाकडापेक्षा कमी तापमानालाही पेटू शकते. ‘इतकी वर्षे काही झाले नाही’ हा दाखला म्हणूनच इथे कामाचा नाही. तोंडापुढची न जळणारी फरशीही याच हिशेबाचा भाग आहे. ब्रिटनमध्ये उघड्या जाळासाठी ती पुढे किमान ५०० मिमी आणि बाजूंना १५० मिमी हवी.

प्रत्यक्ष बांधणीत खांब भरीव नसतात. तीन फळ्यांची, मागून उघडी अशी उभी पेटी म्हणजे खांब. तशीच आडवी पेटी म्हणजे वरचा पट्टा. खांबाच्या तळाशी थोडा जाड ठोकळा बसवतात, म्हणजे खांब जमिनीवर नीट टेकलेला दिसतो आणि भिंतीची तळपट्टी त्या ठोकळ्याला येऊन थांबते. खांबाच्या दर्शनी फळीवर उभ्या पन्हळी पाडायच्या तर त्यांची संख्या विषम ठेवतात, म्हणजे एक पन्हळ बरोबर मध्यावर येते. आडवा पट्टा आणि मँटल यांच्यामधल्या कोनात कंगणीची मोल्डिंग पट्टी येते आणि नवशिका सुतार इथेच अडतो. ही पट्टी तिरकी बसते, त्यामुळे ४५ अंशांत कापताना ती करवतीच्या पेटीत उलटी धरावी लागते: पेटीचा तळ म्हणजे मँटल आणि पेटीची भिंत म्हणजे आडवा पट्टा. डावा काप उजवीकडे येतो. चांगल्या पट्टीला हात घालण्यापूर्वी फुकट गेलेल्या तुकड्यांवर सगळे कोपरे कापून, जोडून पाहावेत.

चौकट भिंतीवर तुकड्यातुकड्याने ठोकण्यापेक्षा जमिनीवर पालथी ठेवून पूर्ण जोडलेली बरी. सांधे मागून सरस आणि स्क्रूने घट्ट होतात आणि दर्शनी बाजूला खिळ्याची खूण राहत नाही. मग भिंतीवर गुण्या-लेव्हल पाहून आडव्या पट्ट्या मारायच्या आणि त्यांवर चौकट अडकवायची. टांगण्याची सोपी युक्ती म्हणजे एक पट्टी ४५ अंशांत उभी चिरून तिचे दोन तुकडे करणे: एक भिंतीवर, दुसरा चौकटीच्या पाठीला. वरचा तुकडा खालच्याच्या उतारात बसला की चौकट स्वतःच्याच वजनाने भिंतीला चिकटते.

भिंत सहसा सरळ नसते. चौकट ओळंब्यात उभी केली की कुठेतरी फट दिसते. ती पुट्टीने किंवा सीलंटने बुजवण्याआधी कंपास घ्यावा: त्याची सुई भिंतीवरून आणि पेन्सिल फळीवरून एकाच वेळी खाली ओढली की भिंतीचा सगळा वाकडेपणा फळीवर उमटतो. तेवढे लाकूड रंध्याने काढले की फळी भिंतीला केसभरही फट न ठेवता बसते. या पाच मिनिटांच्या कामाने घरगुती चौकट आणि कसलेल्या सुताराची चौकट यांतला फरक जवळजवळ मिटतो.

रंगवायच्या चौकटीला पॉप्लर, पाइन किंवा एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला तक्ता) चालते. पॉलिश करायचे तर ओक किंवा अक्रोड. पाइनच्या गाठींतून राळ पाझरून वर्षभरात रंगावर पिवळे डाग येतात, म्हणून गाठींवर आधी चपड्याचे प्रायमर लावतात. एमडीएफ वाकत नाही, पण पाण्याने फुगते आणि त्याच्या कापलेल्या कडा रंग पितात. रुंद फळी ऋतूनुसार रुंदीत आकसते-फुलते, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे मँटलची सलग फळी चारही बाजूंनी सरसाने जखडली तर एखाद्या हिवाळ्यात ती चिरते.

महाराष्ट्रात हा प्रकार ब्रिटिश काळातल्या महाबळेश्वरसारख्या थंड हवेच्या ठिकाणच्या बंगल्यांपुरताच राहिला. परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांना मात्र तो विकत घेतलेल्या घराबरोबर आयताच मिळतो आणि मँटलवर देवांच्या तसबिरी, समई, गणपती यांना जागा होते. अशा वेळी खालचा जाळ बंदच हवा आणि समईच्या ज्योतीवर दुसरी फळी येत नाही, हेही पाहायला हवे.

धुराडे नसलेल्या भिंतीवर विजेचा हीटर ठेवण्यासाठी किंवा नुसती शोभेची चौकट बांधण्याची पद्धतही वाढली आहे. तिथे जाळच नसल्याने नियम हीटरच्या पुस्तिकेपुरते उरतात, तरी प्रमाण खऱ्या फायरप्लेसचे ठेवले तरच ती शोभते. जुन्या घरातली मूळ चौकट मात्र काढू नये. अमेरिकेत १९७८ पूर्वीच्या घरांच्या रंगात शिसे असू शकते, त्यामुळे तिला पॉलिश पेपर लावण्याआधी तपासणी करावी. पाइनचे ‘खरे लाकूड’ दिसावे म्हणून जुन्या चौकटी कॉस्टिक सोड्याच्या हौदात बुडवण्याची फॅशन विसाव्या शतकात आली होती. त्या लाकडावर मुळातच रंग अपेक्षित होता, आणि हौदात रंगाबरोबर साच्यातली नक्षीही विरघळून जाते.