किडनीचे डॉक्टर सगळे सारखेच?

"मुतखडा काढणारे आणि डायलिसिस बघणारे डॉक्टर एकच," असा मेसेज नाशिकच्या ग्रुपांवर वर्षानुवर्षं फिरतोय. अवयव तोच, त्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे. पण एमबीबीएसनंतरच वाटा फुटतात. नेफ्रोलॉजिस्ट (औषधांनी किडनीचे आजार बघणारे) सहसा ३ वर्षं एमडी मेडिसिन, मग ३ वर्षं डीएम ही पुढची पदवी करतात. त्यांच्याकडे येतं ते वाढलेलं क्रिएटिनिन (किडनी नीट चालत नसली की रक्तात साठणारा टाकाऊ पदार्थ), लघवीतून जाणारं प्रथिन, डायलिसिस, प्रत्यारोपणानंतरची औषधं. युरोलॉजिस्ट (मूत्रमार्गाचे सर्जन) एमएस सर्जरीनंतर एमसीएच ही पुढची पदवी करतात. खडा, प्रोस्टेट, शस्त्रक्रिया त्यांच्याकडे.

खात्री करायची तर गंगापूर रोडवरच्या पाट्या वाचा. नावापुढे 'डीएम' की 'एमसीएच'? 'डीएनबी' (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची पदवी, ती दोघांकडेही असू शकते) असेल तर कंसातला विषय बघा. मधुमेह असलेल्या माणसाच्या लघवीला फेस येतोय, पाय सुजलेत, तरी नेफ्रोलॉजिस्टकडे जायचं सोडून घरचे खड्याच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट धरून बसतात. त्यात जाणारे आठवडे वाचावेत, एवढ्यासाठीच हे लिहिलं.