नळाचं पांढरं पाणी म्हणजे ‘पावडर जास्त’ नव्हे

नळाला पहिलं पाणी दुधासारखं आलं की गल्लीत ओरड होते: ‘आज टीसीएल (पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर) जास्त टाकली!’ छोट्या गावांत हा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. तो चुकीचा आहे.

आपल्याकडे पाणी ठरावीक वेळेलाच सुटतं. मधल्या वेळात पाइप रिकामे होतात, त्यांत हवा भरते. व्हॉल्व्ह उघडला की दाबाखाली ती हवा पाण्यात मिसळते आणि नळातून बारीक बुडबुड्यांच्या रूपात बाहेर पडते. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन बघा. तळाकडून वर निवळत गेलं तर ती हवाच. गाळ असेल तर उलटं होतं: वरून निवळतं, तळाला थर बसतो. तसं दिसलं तर जरूर तक्रार करा.

पाण्यात विरघळलेला क्लोरीन डोळ्यांना दिसत नाही. तो ओटी टेस्टमध्ये (पाण्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून करायची चाचणी) पिवळ्या रंगावरून कळतो. भारतीय मानकानुसार नळापाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवा. रिकाम्या पाइपात गळतीतून गटाराचं पाणी शिरू शकतं, तेव्हा थोडाफार आधार असतो तो एवढ्याशा क्लोरीनचाच. म्हणून व्हॉल्व्हमनला ‘पावडर कमी टाका’ म्हणू नका, कळकळीची विनंती आहे.