जहांगीर आर्ट गॅलरी की जहांगीर हॉल?

‘प्रदर्शन जहांगीरला आहे’ एवढाच निरोप मिळाला की मुंबईत नवखा माणूस हमखास चुकीच्या दारात जातो. काळा घोडा परिसरात हाकेच्या अंतरावर दोन जहांगीर आहेत: जहांगीर आर्ट गॅलरी आणि सर कावसजी जहांगीर हॉल. हॉलमध्ये आता राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, म्हणजे एनजीएमए, आहे. दोन्ही वास्तू एकाच पारशी घराण्याच्या दानातून उभ्या राहिल्या, म्हणून नावाचा हा घोळ.

हॉल थोरला, १९११ सालचा. वास्तुकार जॉर्ज विटेट. समोरचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि गेटवे ऑफ इंडियाही त्यांचंच काम. ही दगडी, घुमटाची वास्तू चित्रांसाठी बांधलेलीच नव्हती. इथे सभा आणि मैफली होत. पुढे मात्र बॉक्सिंगचे सामने, लग्नाचे स्वागतसमारंभ, साड्यांचे सेल असे दिवस तिने पाहिले. तिथे कलासंग्रहालय व्हावं म्हणून शिल्पकार पिलू पोचखानावाला यांनी नेटाने प्रयत्न केले. त्या १९८६ मध्ये गेल्या आणि एनजीएमए उघडलं १९९६ मध्ये. ते त्यांना पाहता आलं नाही, याची मला फार हळहळ वाटते. विटेटचं बाह्यरूप तसंच ठेवून वास्तुकार रोमी खोसला यांनी आत अर्धगोलाकार मजले चढवले. त्यामुळे इथे चित्रं पाहायची ती जिना चढत चढत, आणि शेवटी माणूस थेट घुमटाखाली पोचतो.

आर्ट गॅलरी १९५२ ची, आणि ती पहिल्यापासून चित्रांसाठीच. चित्रकार के. के. हेब्बर आणि अणुशास्त्रज्ञ होमी भाभा यांनी आग्रह धरला, त्याच घराण्यातल्या दुसऱ्या सर कावसजी जहांगीर यांनी पैसा दिला. विटेटच्या दगडांशेजारी ही काँक्रीटची वास्तू. दारावरची तिची नागमोडी छपरी ही सगळ्यात सोपी खूण. आतलं समोवार कॅफे १९६४ पासून २०१५ पर्यंत चाललं. कितीतरी चित्रकारांच्या गप्पा तिथेच रंगल्या.

खरा फरक कारभारात आहे. एनजीएमए केंद्र सरकारचं: तिकीट काढावं लागतं, सोमवारी बंद, आणि काय लावायचं ते संग्रहालय ठरवतं. आर्ट गॅलरीत प्रवेश मोफत. तिथे चित्रकार अर्ज करतो, निवड झाली की भाडं भरतो आणि आपल्या तारखेची वर्षानुवर्षं वाट पाहतो. प्रदर्शनाचा तो आठवडा मिळाला की बहुतेकदा तो स्वतःच चित्रांजवळ बसलेला असतो. त्याला बेधडक प्रश्न विचारा. त्याला ते आवडतं.