आहेर आणि उसनवारी: जपानची 'मदत' नेमकी कोणती?

डिसेंबर 2015 मध्ये जपानचे पंतप्रधान शिंझो आबे भारतात आले. वाराणसीला गंगा आरती झाली आणि दिल्लीत मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा करार झाला. पुढे वाराणसीत 'रुद्राक्ष' हे संमेलन केंद्र उभं राहिलं, 2021 मध्ये त्याचं उद्घाटनही झालं. बातम्यांमध्ये दोन्हींसाठी शब्द एकच: 'जपानची मदत'. प्रत्यक्षात रुद्राक्ष हा आहेर आहे आणि बुलेट ट्रेन ही उसनवारी.

आहेर म्हणजे अनुदान. ते परत करायचं नसतं. रकमा तुलनेने लहान असतात: एखादी इमारत, एखाद्या संस्थेसाठी यंत्रसामग्री. मात्र रुद्राक्ष बांधलं ते फुजिता या जपानी कंपनीने. म्हणजे आहेराच्या पाकिटातले बरेचसे पैसे पुन्हा जपानमध्येच गेले. आपल्याकडे परतीचा आहेर यजमान देतो, इथे आहेर करणाऱ्याने तो आपल्याच घरच्यांना देऊन टाकला. अर्थात, इमारत आपल्याकडे राहिली, तेव्हा तक्रार करण्यासारखं काही नाही.

उसनवारीचा पसारा कितीतरी मोठा आहे. येनमधलं पहिलं कर्ज जपानने 1958 मध्ये दिलं, तेही भारतालाच. दिल्ली मेट्रो, मुंबईची भुयारी मेट्रो-3, अटल सेतू, एवढंच काय, अजिंठा-वेरूळ परिसराच्या जतनाचा आणि पर्यटनविकासाचा प्रकल्पसुद्धा याच रांगेतला. बुलेट ट्रेनच्या कर्जाच्या अटी ऐकल्या की हे कर्ज आहे यावर विश्वास बसत नाही: व्याज 0.1 टक्के, मुदत 50 वर्षं, मुद्दलाला पहिली 15 वर्षं सवड. मुंबईत गृहकर्जाचे हप्ते फेडणाऱ्याने हे आकडे वाचूच नयेत.

पण मुद्दल फेडावंच लागतं, तेही येनमध्ये. 1992 च्या सुमारास, म्हणजे अजिंठ्याचं कर्ज घेतलं तेव्हा, एका येनला साधारण 20 पैसे पडत. 2012 च्या सुमारास तोच येन 60 पैशांच्या वर गेला होता. व्याज नाममात्र असलं तरी रुपयात मोजलेला हप्ता असा फुगू शकतो. उलट येन घसरला तर फायदा आपला. 'जवळजवळ फुकट' म्हणताना ही बाजू सहसा सांगितली जात नाही.

मग दोन्हींना मदत का म्हणतात? कारण बाजारापेक्षा स्वस्त कर्जातली सवलत हीसुद्धा मदत धरायची, असा श्रीमंत देशांच्या संघटनेचा, ओईसीडीचा, हिशेब आहे. पूर्वी पात्र ठरलेल्या कर्जाची पूर्ण रक्कम मदतीत मोजत आणि परतफेड झाली की ती वजा करत. 2018 च्या आकडेवारीपासून फक्त सवलतीचा भाग मोजतात. आमच्या मते हे आधीच व्हायला हवं होतं. शेजाऱ्याला लाखभर रुपये उसने देऊन कोणी 'लाखाचं दान केलं' असं सांगत फिरत नाही.

राजनैतिक रुसवा-फुगवा मात्र दोन्हींवर दिसतो. मे 1998 च्या पोखरण अणुचाचण्यांनंतर जपानने नवी येन कर्जं थांबवली, नवी अनुदानंही थांबवली. तळागाळातल्या छोट्या कामांची आणि मानवतावादी मदत तेवढी वगळली. आधी मंजूर झालेल्या कर्जांना हात लावला नाही. दिल्ली मेट्रोचं पहिलं कर्ज 1997 मध्येच मंजूर झालं होतं, म्हणून ते काम अडलं नाही. ही बंदी ऑक्टोबर 2001 मध्ये उठली.

तेव्हा पुढच्या वेळी 'जपानच्या मदतीने' असं वाचलं की बातमीत मुदत आणि व्याजदर शोधा. ते असतील तर उसनवारी. अटल सेतूवरून मोटार नेताना द्यावा लागणारा टोलही त्याच जातीचा.