खाकीतली माणुसकी : ती कायद्यात कुठून आली?

रस्त्यात चक्कर येऊन पडलेल्या वृद्धाला पोलीस शिपायाने रिक्षात घालून दवाखान्यात पोचवले, की दुसऱ्या दिवशी बातमी येते, ‘खाकीतल्या माणुसकीचे दर्शन’. त्या शिपायाचे कौतुक व्हायलाच हवे. पण बातमीत एक गोष्ट राहून जाते. महाराष्ट्रात हे काम पोलिसाच्या मर्जीवर सोडलेले नाही. ते त्याचे कायदेशीर कर्तव्य आहे आणि निदान १९५१ पासून कायद्याच्या पुस्तकात छापलेले आहे.

मुंबई पोलीस अधिनियम, १९५१, म्हणजे आताचा महाराष्ट्र पोलीस अधिनियम. त्याच्या कलम ६४ मध्ये समन्स-वॉरंट बजावणे, गुन्ह्याची खबर काढणे, आरोपीला पकडणे ही नेहमीची कामे आहेत. कलम ६६ मध्ये पोलिसाची जनतेप्रती असलेली कर्तव्ये येतात. रस्त्यावरच्या अपंग, असहाय माणसाला शक्य ती सगळी मदत करायची. अटकेतला माणूस जखमी किंवा आजारी असेल तर ताबडतोब उपचार मिळवून द्यायचे, त्याला नेता-आणताना त्याच्या प्रकृतीचे भान ठेवायचे. कोठडीतल्या प्रत्येकाच्या अन्नाची आणि निवाऱ्याची सोय करायची. झडती घेताना विनाकारण उर्मटपणा करायचा नाही. बायका-मुलांशी सभ्यतेने आणि सौम्यपणे वागायचे. झडतीच्या वेळी उर्मट वागू नका, हे विधिमंडळाने कायद्यात लिहून ठेवले, याचे मला फार मोल वाटते. इतके स्पष्ट लिहिलेले असूनही ते घडले की आपल्याला नवल वाटते. त्याचे कारण १९५१ च्या बरेच मागे आहे.

लंडनमध्ये १८२९ साली ब्रिटनचे गृहमंत्री रॉबर्ट पील यांनी महानगर पोलीस दल उभे केले. गुन्हा घडूच न देणे हे त्याचे पहिले उद्दिष्ट ठरले आणि लोकांचा विश्वास हे त्याचे भांडवल मानले गेले. भारतात मात्र हा नमुना आला नाही. १८४३ मध्ये सिंध जिंकल्यावर ब्रिटिश सेनापती चार्ल्स नेपियर यांनी तिथे जे पोलीस दल बांधले, ते आयर्लंडच्या सशस्त्र दलाच्या धर्तीवर. जिंकलेल्या प्रजेला ताब्यात ठेवणे हे त्या दलाचे काम होते आणि हाच साचा पुढे देशभर वापरला गेला.

त्याआधीची स्थिती काही बरी होती असे नाही. मद्रास इलाख्यातल्या छळाच्या तक्रारी तपासायला कंपनी सरकारने चौकशी आयोग नेमला, त्याचा अहवाल १८५५ मध्ये आला. सारा वसूल करायला आणि गुन्हा कबूल करून घ्यायला रयतेला वाकवून बांधून ठेवले जाई, बोटे चेपली जात. महसूल आणि पोलीस ही दोन्ही कामे एकाच माणसांच्या हाती असल्याने दाद मागायला जागाच नव्हती. १८६१ च्या पोलीस कायद्याने पोलीस दल महसूल खात्यापासून वेगळे केले. त्यातल्या कलम २३ मध्ये पोलिसाची कर्तव्ये मोजलेली आहेत: हुकूम पाळणे, शांततेला बाधा येईल अशी खबर वर कळवणे, गुन्हे रोखणे, गुन्हेगाराला कोर्टापुढे आणणे. पडलेल्याला उचलण्याचा त्यात उल्लेख नाही. कोठडीतल्या माणसावर विनाकारण हात उगारणाऱ्या पोलिसाला शिक्षेची तरतूद मात्र होती.

राज्यकर्त्यांचाच आपल्या पोलिसांवर किती भरवसा होता, हे १८७२ च्या पुरावा कायद्यावरून कळते. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येणार नाही, असे तो सांगतो. २०२३ मध्ये नवा कायदा आला, तरी हा नियम तसाच राहिला आहे. पोलीस व्यवस्थेची पाहणी करायला नेमलेल्या १९०२-०३ च्या फ्रेझर आयोगाने तर पोलीस दल भ्रष्ट आणि जुलमी समजले जाते, असे उघडच लिहिले.

स्वातंत्र्यानंतर कलम ६६ कागदावर आले, पण ठाण्यातली वागण्याची रीत जुनीच होती. ती बदलण्यासाठी लोकांना झगडावे लागले, आणि या झगड्यातला मोठा वाटा महाराष्ट्राचा आहे. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला उभा राहिला. सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले, तेव्हा १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. त्याच वर्षी पत्रकार शीला बारसे यांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या कोठड्यांबाबत आदेश दिले: महिलांसाठी वेगळ्या कोठड्या, तिथे महिला पोलिसांचाच पहारा, महिलेची चौकशी महिला पोलिसांच्या उपस्थितीतच आणि न्यायाधीशांच्या अचानक भेटी. आज हे सगळे साधे वाटते. चाळीस वर्षांपूर्वी ते न्यायालयाकडून मिळवावे लागले.

पुढच्याच वर्षी, १९८४ मध्ये, टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. घरात मार खाऊन आलेली बाई ठाण्यात आली, की तिला आधी विचारले जाई, ‘गुन्हा दाखल करायचाय की समज द्यायची?’ कक्षात प्रशिक्षित समाजकार्यकर्ती तिचे म्हणणे आधी पूर्ण ऐकून घेते. पोलिसांच्याच इमारतीत हे घडू शकते, हे या कक्षाने दाखवले, आणि त्याचा कित्ता पुढे इतर राज्यांनीही गिरवला.

कोठडीतल्या मृत्यूंबद्दल १९८६ साली पश्चिम बंगालमधून डी. के. बसू यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिले होते. त्यावरचा निकाल १८ डिसेंबर १९९६ रोजी लागला. अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी, साक्षीदाराच्या सहीचा अटक पंचनामा, नातेवाइकाला खबर, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी. प्रत्येक सूचनेमागे कुणीतरी न सांगता उचलून नेलेला माणूस आहे.

मुलांच्या बाबतीत कायदा सर्वांत पुढे गेला, असे मला वाटते. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार पीडित मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घ्यायचा, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, आणि गणवेश न घालता. मुलाला रात्री ठाण्यात ठेवायचे नाही. एरवी ज्या गणवेशावर पोलिसाचा सगळा अधिकार उभा असतो, तो मुलाला भीती वाटू नये म्हणून उतरवून ठेवायचा. साध्या सलवार-कमीजमध्ये खाली सतरंजीवर बसून, मूल मध्येच गप्प झाले तर पेन बाजूला ठेवून वाट पाहणारी फौजदार बाई हे कायद्याला अपेक्षित असलेले चित्र आहे. हरवलेल्या मुलांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये असेच ठाम सांगितले. नुसती ‘मिसिंग’ नोंद करून थांबायचे नाही, अपहरण गृहीत धरून गुन्हा दाखल करायचा. हरवलेली मुले शोधण्याच्या २०१५ पासूनच्या ‘ऑपरेशन मुस्कान’ मोहिमेला या निकालाची पार्श्वभूमी आहे.

धोकादायक वाटणाऱ्या किंवा स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या, रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना ताब्यात घ्यायचे, एवढीच तरतूद कलम ६६ मध्ये आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने नजर बदलली. अशा माणसाला पोलिसांनी संरक्षणाखाली घ्यायचे, २४ तासांत सरकारी रुग्णालयात न्यायचे आणि लॉकअपमध्ये मुळीच ठेवायचे नाही.

हे सगळे करणारा शिपाई स्वतः कशा अवस्थेत असतो, हा प्रश्न मात्र फार उशिरा विचारला गेला. सणावारी बंदोबस्त, हक्काच्या साप्ताहिक सुट्टीचा भरवसा नाही आणि त्यातच बेवारस मृतदेहाचे वारस शोधत गावोगाव फोन लावायचे. मुंबईत २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला, तोही एका शिपायानेच मांडलेल्या प्रस्तावातून. झोप न झालेल्या माणसाने फिर्यादीशी गोड बोलावे ही अपेक्षा ठेवायची, तर त्याची पाळी वेळेवर संपणे हाही या इतिहासाचाच भाग मानावा लागेल.

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. हद्दीचे कारण सांगून फिर्यादीला परत पाठवता येणार नाही, हे आता कायद्यातच आहे. शिवाय तपास कुठवर आला, हे ९० दिवसांत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवणे तपास अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. फोनवरून किंवा संदेशातून कळवले तरी चालते.